पुढच्या होडीनं

आनरागा,
१८ एप्रिल १९९३

चि. आर्विद यास झेंटाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. टपालवाली वेल्गा ते हातात देईना. आधी म्हणाली, स्वीडनचं तिकीट माझ्या वहीला द्यायचं कबूल कर. कबूल केलं, तर तिनं उभ्या उभ्या कात्रीनं तिकीट कापून घेतलं आणि त्याबरोबर तुझ्या मायन्यातली दोन अक्षरंही नेली. उरलेल्यावर मी समाधान मानलं.

जुलैत येतोस, नातीला घेऊन, चांगले नऊ दिवस, हे वाचून मी चुलीपुढच्या बाकावर जी बसले ती बटाटे करपेपर्यंत. एकोणपन्नास वर्षांनी माझ्या मावशीचा मुलगा समुद्रावरून येणार, तर बटाट्यांचं काय एवढं. पण पुढे तू लिहितोस की बंदराजवळ एखादी भाड्याची खोली बघून ठेव, आम्ही सुट्टीला येणारी माणसं, तुला त्रास नको. असलं पुन्हा लिहिलंस तर आल्या बोटीनं परत धाडीन. वरची खोली तुझी. तिथून समुद्र दिसतो आणि शेजारच्या एम्माचं मासे धुरावायचं धुराडंही दिसतं, त्याला माझा इलाज नाही. लिनेआसाठी माळ्यावर नव्या गवताची गादी भरते. शहरातल्या पोरीला शिंका येतील, पण झोप छान लागेल.

इथलं म्हणशील तर माशांचा कारखाना बंद पडला, होड्या उरल्या पाच. सरहद्दीवरचे शिपाई मात्र गेले. पूर्वी ते रोज किनाऱ्यावरची वाळू नांगरून सपाट करायचे, कुणी समुद्राकडे गेलं तर पाऊल उमटावं म्हणून. आता केव्हाही जावं, कुठेही बसावं. तरी आम्ही म्हाताऱ्या दिवस कलला की पाय मागे घेतो. सवय कुत्र्यासारखी असते, हाकललं तरी दाराशी येऊन बसते.

आता तुझ्या आईचं. चव्वेचाळीसच्या लढाईत लवीझेमावशी तुम्हा बापलेकांबरोबर स्वीडनला पळणाऱ्या होडीत बसली नाही ती माझ्या आईपायी, हे मी विसरलेले नाही. आईला ताप होता. मावशी धक्क्यावरून तुम्हाला म्हणाली की बहिणीचा ताप उतरला की पुढच्या होडीनं येते. ताप उतरला, माझी आई त्यानंतर वीस वर्षं जगली. पुढची होडी काही आली नाही.

एक्कावन्न साली मावशी गेली तेव्हा मी तीन दिवसांची बाळंतीण, मला दफनाला जाता आलं नाही. पण त्याआधी महिनाभर तिनं माझा हात धरून सांगितलं होतं की आर्विद येईपर्यंत माझी वाळू बघ. मी बघते आहे. दर शनिवारी दाताळं खांद्यावर टाकून टेकडीवर जाते, पाइनच्या सुया वेचते, कबरीच्या वाळूवर रेघा ओढते आणि निघताना, आठवतं ना, मागे सरकत सरकत आपलीच पावलं पुसत येते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलीला पाठवलं होतं. एरवी शनिवार चुकला नाही.

कबरींचा सण यंदा ११ जुलैला आहे. सगळा गाव टेकडीवर असतो, पाळकबुवा येतात, ज्याचा त्यानं आपल्या माणसाशेजारी उभं राहायचं. त्या दिवशी मावशीशेजारी तू उभा राहशील आणि मी दाताळं तुझ्या हातात देईन. मग मी सुटले.

शेजारची एम्मा अजून आहे. आम्ही सव्वीस-सत्तावीस वर्षं बोलत नाही. कारण माशाचं आहे, आल्यावर सांगेन.

गरम कपडे आण. लोभ आहे तो सुकू देऊ नकोस.

तुझी
झेंटाताई


गोटलंड,
९ मे १९९३

ती. झेंटाताईस आर्विदचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र लिनेआनं मला दोनदा वाचून दाखवायला लावलं, आणि तिला त्यातलं अक्षर कळत नाही. आपली भाषा मी आता फक्त स्वतःशी बोलतो. बोललो की बारा वर्षांच्या पोराचीच बोली बाहेर पडते. गावात लोक हसतील, तू आधीच सांगून ठेव.

खोलीचं पुन्हा लिहीत नाही. रागावू नकोस. मी भाड्याची खोली मागितली ती तुझा त्रास वाचवायला नाही, हे तुला न सांगताच कळलं असणार. सुट्टीला आलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. तो मासे खातो, पाण्यात पाय बुडवतो, निघून जातो. मी इतकी वर्षं पत्र टाकलं नाही. आधी भीती होती की माझ्या पत्रानं तुमच्यावर बालंट येईल. नंतर भीतीचं कारण उरलं नाही आणि लाज उरली. आई गेल्याचं मला सत्तावन्न साली कळलं, तेही तिसऱ्याच माणसाकडून. ती सहा वर्षं मी मनात तिला रोज सांगत होतो की होडी येईल, थांब.

तू तिची वाळू बघितलीस. मी मुलगा असून मला जमलं नाही ते तू बेचाळीस वर्षं केलंस. त्याचे आभार मानतो. आमच्याकडच्या टपालात मावतील एवढे ते नाहीत.

मात्र एक मी केलं आहे. इथला चुनखडीचा दगड चांगला, फिकट, मेंढीच्या लोकरीच्या रंगाचा. त्याचा एक हातभर तुकडा कोरून घेतला आहे. वर तिचं नाव, खाली दोन तारखा. सर्वात खाली एका ओळीची जागा मोकळी सोडली आहे, काय लिहावं ठरत नाही. बोटीवरून गाडीत घालून आणतो. सणाच्या दिवशी तिच्या डोक्याशी बसवू. लाकडी क्रूस गेला असेल, दगड राहील. मग मी नसलो तरी कुणाला शोधावं लागणार नाही.

आणि ताई, धुरावलेले लेपे मासे. मी जगात कुठेही तसे खाल्ले नाहीत.

माया ठेव, मी तिच्याच भरवशावर निघतो आहे.

तुझा
आर्विद


कुंपणापलीकडून,
२ जून १९९३

झेंटा,

नमस्काराचं नंतर बघू. कामापुरतं लिहिते. तोंडानं बोलणार नाही असं मी सदुसष्ट सालाच्याही आधी म्हणाले होते, ते अजून मोडलेलं नाही. लिहिणार नाही असं म्हणाले नव्हते.

काल दुकानात तू दगडाची गोष्ट सांगत होतीस. मोठ्यानं सांगत होतीस, मला ऐकू यावं म्हणून. ऐकू आली. म्हणून हे लिहिणं भाग आहे, नाहीतर मी आणखी वीस वर्षं गप्प राहिले असते आणि मजेत राहिले असते.

तू ज्या कबरीवर दाताळं फिरवतेस ती लवीझेची नाही. ती ओटोमारची आहे.

होय, तोच. दारू पिऊन बंदरावर गाणी म्हणणारा, ज्याच्या शेळीनं लवीझेचा वाळत घातलेला झगा खाल्ला आणि जो उलट शेळीच्या पोटाचं औषध मागायला तिच्याकडे गेला. सदुसष्टच्या वादळात झाडं पडली, क्रूस वाहून गेले, सगळी टेकडी भाकरीसारखी सपाट झाली, तेव्हा जो तो अंदाजानं आपापली जागा धरत होता. तू ज्युनिपरच्या झुडपावरून धरलीस. ज्युनिपर तिथे दोन होती, बाई. एक वादळानं उपटून नेलं. तू उरलेलं धरलंस.

लवीझे त्याच्यामागच्या रांगेत आहे. मला कसं माहीत, तर तिचा खड्डा माझ्या नवऱ्यानं, येकाबनं खणला आणि तिच्या डोक्याशी तिच्या नवऱ्याच्या जाळ्याला वजन म्हणून बांधायचा भोकाचा दगड मी माझ्या हातानं पुरला. तो तिनंच मागितला होता. तू बाळंतिणीच्या खाटेवर होतीस, तुला कुठून ठाऊक. वादळानंतर दाताळ्याच्या दांड्यानं टोचून बघितलं, दगड जागेवर होता.

ती मोकळी वाळू तशी कशी टाकायची. म्हणून मी रेघा ओढते. शुक्रवारी जाते, शनिवारी तू असतेस.

तुला सांगितलं का नाही, हे विचारशील. तू चार बायांत म्हणालीस की एम्माचा मासा डांबर लावलेल्या होडीसारखा लागतो. मी वाट बघत होते, तू आधी बोलशील म्हणून.

एम्मा


आनरागा,
३ जून

एम्मा,

तुझी चिठ्ठी कुंपणाच्या फटीत मिळाली. ती मी चुलीत घालणार होते, पण चूल पेटलेली नव्हती.

मला माझी मावशी माहीत आहे. बेचाळीस वर्षं मी तिच्याशी दर शनिवारी बोलते. गावाच्या बातम्या सांगते, नातवंडांची नावं सांगते. तिथे ओटोमार असता तर मला कळलं नसतं का? पाइन जाळून मासे धुरावणाऱ्या बाईनं मला कबर शिकवू नये.

झेंटा


कुंपणापलीकडून,
४ जून

झेंटा,

पाइन मी एकदाच जाळलं. मी आतल्या गावातली, इथे सून म्हणून नवी, मासे धुरावायचं आल्डरचं लाकूड भिजलेलं होतं आणि नवरा मासे घेऊन दारात. सगळा किनारा हसला. लवीझे तेवढी हसली नाही. तिनं मला लाकूड ओळखायला शिकवलं, जाळं विणायला शिकवलं. म्हणून तिची वाळू मला टाकवत नाही, तुझ्यावर उपकार म्हणून नाही.

उद्या शनिवार आहे. मागच्या रांगेत, डावीकडून चौथी. डोक्याशी कोपरभर खण. दगड नसला तर मी गावभर सांगेन की एम्मा खोटारडी आहे. असला तर नीट बुजवून ये आणि रेघा सरळ ओढ, तुझ्या वाकड्या येतात.

एम्मा


आनरागा,
६ जून १९९३

चि. आर्विद यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. तू बोटीचं तिकीट काढण्याआधी तुझ्या हाती पडावं म्हणून आज चर्चलाही गेले नाही.

मी मावशीला दिलेला शब्द पाळला नाही. पाळते आहे असं समजून चालत राहिले, आणि चालत होते भलत्याच वाटेनं. सदुसष्टच्या वादळात क्रूस गेले, तेव्हापासून मी जी वाळू नीट करते ती ओटोमारची निघाली. तुझी आई मागच्या रांगेत. शेजारच्या एम्मानं लिहून कळवलं, मी तिला टाकून बोलले, आणि काल हातानं खणून बघितलं. कोपरभर खाली जाळ्याचा दगड लागला. भोकात दोरीचा काळा तुकडा अजून होता. दगड परत ठेवून वाळू नीट बुजवली, रेघा ओढल्या.

म्हणजे सव्वीस वर्षं मी तिच्याकडे पाठ करून उभी होते, आर्विद. ज्या बाईनं माझ्या आईसाठी नवरा आणि लेकरू समुद्रावर सोडलं, तिच्याकडे पाठ. आणि गावाच्या बातम्या कुणाला सांगितल्या, तर ओटोमारला, ज्याला जिवंतपणी त्या कुणी सांगितल्या नाहीत.

तिची कबर मात्र ओसाड नव्हती, हे तुला कळायला हवं. गावातली सर्वात नीटनेटकी तीच आहे. मी दर शनिवारी तिच्याकडे बघून मनात म्हणायची की ही कुणाची, हिचं कुणीतरी फार मायेचं दिसतं. ते मायेचं माणूस एम्मा.

तू माझे आभार मानलेस, ते मी परत करते. माझे नव्हतेच ते. तू ये, कारण आईची जागा पक्की आहे आणि तुझा दगड बरोबर ठिकाणी बसेल. पण माझ्याकडे उतरायचं नसेल तर वाईट वाटून घेणार नाही. बंदराजवळ एक बाई खोल्या देते. चादरी स्वच्छ असतात.

राग आला तर थोडा ठेव, सगळा ठेवू नकोस.

झेंटाताई


गोटलंड,
२० जून १९९३

ती. झेंटाताईस सप्रेम नमस्कार. वि. वि.

चादरी स्वच्छ असतील, पण त्या बाईच्या खिडकीतून एम्माचं धुराडं दिसत नाही, म्हणून मी तुझ्याकडेच उतरणार. गवताची गादी मोडली असशील तर पुन्हा भर.

आता शांतपणे वाच, आणि वाचताना बाकावर बस.

बाबांनी मरताना मला दोन नावं सांगितली होती. कधी परत जाता आलं तर दोन कबरींवर मेणबत्ती लाव. एक आई. दुसरा ओटोमार.

चव्वेचाळीसच्या त्या शरदात आमच्या होडीची मोटर सैन्यानं काढून नेली होती. वल्ह्यांनी कुणी स्वीडन गाठत नाही. दुपारी ओटोमार गवताची गाडी घेऊन आला, गात होता, झोकांड्या खात होता, रस्त्यावरच्या शिपायांनी त्याला शिव्या देऊन पुढे ढकललं. गवताखाली त्याच्या स्वतःच्या होडीची मोटर होती. बाबा त्याला म्हणाले, तूही चल. तो म्हणाला की परक्या पाण्यातला मासा मला पचत नाही, आणि शेळीला कोण बघणार. मी शेजारी उभा होतो. त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता, ताई. त्याच्या तोंडाला वास नव्हता.

हे आम्ही कुठे बोललो नाही. कळलं असतं तर त्याला नेलं असतं. नंतर बोलायला कुणी उरलं नाही. तुला मागच्या पत्रात लिहिणार होतो, पण त्याची कबर कुठे हे कुणाला माहीत असणार, असं वाटून राहून गेलं. त्याला ना बायको ना पोर. मी मनाशी धरून चाललो होतो की ती वाळूत मिटली असेल.

ती मिटली नाही, कारण तू चुकलीस. दोन कबरींचं देणं माझ्या डोक्यावर होतं. एक एम्मानं बघितली, एक तू. तुझे आभार परत पाठवू नकोस, मी घेणार नाही.

एम्माबाईंना माझा नमस्कार सांग. कुंपणावरून सांगता येत नसेल तर फटीत ठेव.

५ जुलैला दुपारी पोचतो. तोवर जिव्हाळा आहे तसा राहू दे, बाकीचा समोर बसून मागेन.

आर्विद

ता. क. शेवटच्या ओळीचं मला सुचलं आहे. आल्यावर दाखवतो.


आनरागा,
८ ऑगस्ट १९९३

चि. आर्विद यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. तिकीट वेल्गानं घेतलं, पण या वेळी विचारून.

तुम्ही गेल्यावर घर इतकं मोठं झालं की मी दोन दिवस स्वयंपाकघरातच राहिले. लिनेआचा पोहायचा पोशाख दोरीवर राहिला आहे. पाठवत नाही. न्यायला ये म्हणावं. दुकानात अजून तुझीच चर्चा. म्हाताऱ्या म्हणतात की हा माणूस आमच्या आज्यांसारखा बोलतो, कानाला बरं वाटतं. आणि त्या अर्ध्या चड्डीबद्दलही बोलतात, ते मी लिहीत नाही.

नऊ दिवसांतले तू सात दिवस मासे खाण्यात घालवलेस, हे मला फार आवडलं. सुट्टीला आलेल्या माणसानं असंच करावं. पहिल्या संध्याकाळी एम्मा ताट घेऊन कुंपणाशी उभी राहिली, तोंड दुसरीकडे करून, तेव्हा तू दोन लेपे उभ्या उभ्या खाल्लेस आणि तिसरा मागितलास. ती माझ्याकडे बघून म्हणाली की बघ, याला डांबर लागत नाही. सत्तावीस वर्षांतलं ते तिचं पहिलं वाक्य. मीही एक तुकडा तोंडात टाकला. आर्विद, तुला म्हणून सांगते, तिचा मासा माझ्यापेक्षा चांगला आहे. तिला सांगू नकोस.

सणाचा दिवस मी रोज मनात पुन्हा काढून बघते. पाळकबुवा नावं वाचत होते, ओटोमारचं नाव आलं आणि गावातलं कुणी पुढे आलं नाही. मग तू मावशीजवळून निघून त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलास आणि गवताच्या गाडीची गोष्ट सगळ्यांना सांगितलीस, त्या तुझ्या आजीच्या बोलीत. टोप्या निघाल्या. माझ्या हयातीत ओटोमारसाठी कुणी टोपी काढलेली मी पाहिली नव्हती. आता त्याच्यावर दर शनिवारी फुलं असतात, आणि ती मी ठेवलेली नसतात.

मी मात्र त्याच्याकडे जाते. सव्वीस वर्षांची ओळख आहे, टाकता येत नाही. आता एम्मा आणि मी दोघी मिळून जातो, शनिवारी. शुक्रवार तिनं सोडला. ती रेघा लाटांसारख्या ओढते, मी माशाच्या काट्यासारख्या. मावशीवर कोणत्या ओढायच्या यावरून आमचं दर वेळी जुंपतं. शेवटी एक शनिवार तिचा, एक माझा असं ठरलं, आणि ओटोमारवर जे हाताला येईल ते, त्याला चालतं.

दगड पावसानं धुऊन आणखी उजळ झाला आहे. परवा सुट्टीला आलेली दोन परकी माणसं त्याच्यापुढे थांबून शेवटची ओळ वाचत होती. ‘पुढच्या होडीनं आलो.’ त्यांनी मला विचारलं की ही बाई होडीनं आली होती का? मी म्हटलं, ही नाही, हिचा मुलगा. उशीर झाला होता, पण आला.

निघायच्या दिवशी तू टेकडीवर एकटा गेलास. तू पावलं पुसायला विसरलास. आम्ही गेलो तर वाळूवर तुझी पावलं, मावशीपाशी जाणारी, मग ओटोमारकडे, मग परत मावशीकडे. दाताळं माझ्या हातात होतं, पण ते मी टेकवलं नाही. आम्ही भोवतीची वाळू नीट केली आणि तेवढी तशीच ठेवली. दोन शनिवार राहिली. तिसऱ्या शनिवारी वाऱ्यानं नेलेली दिसली.

मावशी, एम्मा, तू, तो शेळीवाला, कुणाकुणाचं नाव घेऊ. माझा शब्द मी एकटीनं पाळला नाही, तुम्ही सगळ्यांनी मिळून पाळून घेतलात. म्हातारपणी माणसाला याहून जास्त काय पाहिजे, गुडघा सोडून.

लोभ आहेच, त्याची वाळू मी बघते.

तुझी
झेंटाताई

ता. क. हे एम्मा लिहिते. झेंटानं पत्र माझ्याकडे टपालात टाकायला दिलं, मी वाचलं. मासा चांगला आहे हे वाचून आनंद झाला. वाऱ्याचं खोटं आहे. त्या आठवड्यात पान हलत नव्हतं. ती रोज टेकडीवर जाऊन त्या पावलांपुढे उभी राहायची आणि जेवायला उशिरा यायची, म्हणून शुक्रवारी मीच दाताळं फिरवलं. तिला सांगू नका. पुढच्या जुलैत येऊन नवी उमटवून जा. आल्डर आत्तापासून वाळत घातलं आहे.